पादऱ्याच्या वडिलांची बाटली

हिवतापाच्या दिवसांत मला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, जिभा राहत. आश्विन लागला की सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर घोंगड्या पांघरलेली माणसं ओळीनं येऊन बसायची आणि मी एकेकाला म्हणायचो, "जीभ काढा." कुणाची पांढरीफटक, कुणाची भेगाळलेली, कुणाची पानानं रंगलेली, तिच्यावरून ताप कळायचा नाही. मग कोयनेलाचं, म्हणजे क्विनाइनचं, कडूजहर पाणी द्यायचं, ते बशीभर तोंड वाकडं करून पिऊन माणूस घरी जायचा आणि चार दिवसांनी परत यायचा. मी डॉक्टर नव्हतो, कंपाउंडर होतो. डॉक्टरसाहेब हैद्राबादचे, मनानं फार चांगले, पण जिल्ह्यात कुठं पटकी निघाली की वरून हुकूम यायचा आणि ते घोड्यावर बसून निघून जायचे. मग सगळा दवाखाना माझ्या गळ्यात. त्या वर्षी मी इतका शिणलो होतो की खलात औषध घोटता घोटता डोळा लागायचा आणि बत्ता पायावर पडला की जाग यायची.

आमचं गाव नांदूरघाटापासून दोन-अडीच कोसांवर, डोंगराला टेकून. दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत मी आणि आई राहायचो. बायको बाळंतपणाला सिरसाळ्याला माहेरी गेली होती. आईला दवाखान्याचा वास आवडायचा नाही आणि रोगी मात्र सगळे आवडायचे. कुणाला काय झालंय यापेक्षा कुणी काय खाल्लंय याची तिला जास्त काळजी.

अशात एका दुपारी एक छकडा दारात थांबला आणि गाडीवानानं आत डोकावून सांगितलं, "सायेब मरायला लागलाय बगा." छकड्यात कडब्यावर एक गोरा माणूस पडला होता. पांढरा झगा, छातीपर्यंत दाढी, डोळे मिटलेले. तो इटलीचा पादरी होता. मोमिनाबादच्या छावणीत बँडवाल्यांची चार ख्रिस्ती घरं होती, त्यांच्यासाठी ते वर्षातून एकदा यायचे, हे पुढं कळलं. वाटेत हिवतापानं गाठलं. आम्ही त्यांना उचलून आत नेलं. दवाखान्यात दोनच खाटा होत्या, त्यातली एक त्यांची झाली. त्यांच्याबरोबर एक लोखंडी पेटी होती. ती गाडीवान खाली आपटणार तोच त्यांनी डोळे उघडले आणि चांगल्या छापील मराठीत म्हणाले, "सावकाश. आत माझे वडील आहेत."

गाडीवानानं पेटी तिथंच ठेवली आणि भाडंही पुरतं न मागता पळाला. मला वाटलं, तापात बरळतायत.

डॉक्टरसाहेब तेव्हा गावात होते. त्यांनी तपासून कोयनेलचा दांडगा डोस लिहून दिला आणि दुसऱ्या दिवशी पटकीच्या हुकमावर निघून गेले. पादऱ्यांचं करायचं सगळं माझ्याकडं आलं. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग यायचा. बाहेर ओटा भरलेला, आत हे. रात्रंदिवस घाम पुसा, पाणी द्या, चादर बदला. आई पेज करून द्यायची. सुरुवातीला त्यांची थाळी-वाटी तिनं वेगळी ठेवली होती, तीसुद्धा माझ्याकडूनच घासून घ्यायची. पण मनुष्य तक्रार करायचा नाही. कानांत घणघण वाजतंय म्हणायचे, आणि मी "कोयनेल आहे, वाजणारच" म्हटलं की नुसती मान हलवायचे.

ताप उतरणीला लागला तसे ते उशीला टेकून बसू लागले. एक दिवस त्यांनी मला पेटी उघडायला सांगितली. आत दोन पुस्तकं, धुतलेले कपडे, आणि मधोमध वाळल्या गवताच्या पेंढीत गुंडाळलेली एक काळपट हिरवी बाटली.

"हे वडील?" मी विचारलं.

ते हसले. मग सांगितलं ते असं. त्यांचे वडील द्राक्षाचे बागवान. मोठे कुणी नाहीत, डोंगराच्या उतरणीवर थोडी जमीन, तीही दगडाची. आपल्याकडं घरोघरी लोणचं घालतात तशी त्यांच्याकडं घरोघरी द्राक्षाची लाल दारू होते. गेल्या सुगीला म्हाताऱ्यानं स्वतःच्या पायांनी द्राक्षं तुडवली, रस पिंपात भरला आणि दारू तयार व्हायच्या आत देवाघरी गेला. भावानं ती बाटल्यांत भरली. तिकडून येणाऱ्या दुसऱ्या एका पादऱ्याबरोबर एक इकडं पाठवली. बाकीच्या तेराव्याच्या जेवणासारख्या गावानं संपवल्या असाव्यात. पादऱ्यांनी घर सोडलं त्याला वीस वर्षं होऊन गेली होती, आणि ते परत जाणार नव्हते. वडिलांना वर्ष पुरं होईल त्या दिवशी ही बाटली उघडायची असं त्यांनी ठरवलं होतं.

"मंजी वर्षसराध," आई दारातून म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "मग कदी हाय ते?"

"उद्या," पादरी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ओट्यावरची गर्दी जरा पातळ झाली तशी मी बाटली काढली. बूच उपटायचं हत्यार आमच्याकडं नव्हतं. औषधाच्या बाटल्यांची बुचं काढायला मी एक वाकडी तार केली होती, तिनं हळूहळू काढलं. पेला विचारलात तर दवाखान्यात काचेचं भांडं एकच, औषध मोजायचं. त्यावर औंसाच्या रेघा. त्यांनी त्यातच ओतायला सांगितलं. दारू वरून काळी वाटत होती, पण माझ्या धोतराच्या सोग्यापुढं भांडं धरलं तर पिकल्या जांभळाचा रस वस्त्राला लागावा तसा रंग उमटला. ते किती वेळ नुसते बघत राहिले. मग नाकाशी नेलं, डोळे मिटले, एक घोट घेतला आणि तोंडातच धरला.

मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. तिथं काहीच घडलं नाही. गिळून झाल्यावर त्यांनी आणखी एक घोट घेतला आणि भांडं खाली ठेवलं.

"कडू," ते म्हणाले. "भाऊ, नुसतं कडू. कोयनेल."

मला कळायला पाहिजे होतं. इतक्या मोठ्या डोसावर असलेल्या माणसाला साखरही कडू लागते, पेज तो अंदाजानं खातो. पण मी त्या दिवसांत विचार करायचाच सोडून दिला होता. त्यांची दाढी थरथरत होती. मला वाटलं आता हे रडतील आणि मला समजूत काढावी लागेल, आणि तेवढं बळ माझ्यात नव्हतं. पण ते रडले नाहीत. भांडं माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "तुम्ही घ्या. आणि मला सांगा."

आता मी माळकऱ्याचा मुलगा. वडील गेल्यावर गळ्यात माळ मी घातली नव्हती, पण घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. मोहाची दारू तेवढी वासानं माहीत. औषधातलं स्पिरिट तेवढं बोटाला लागायचं. पण औषध चाखून बघायची मला सवय होती, मिश्रण बिघडलं नाही ना ते कळायला. मी म्हटलं, हेही मिश्रणच. भांडं उष्टं नको म्हणून तळहातावर थोडी ओतून घेतली, सुर्रकन ओढली आणि ओला हात डोळ्यांना लावून डोक्यावरून फिरवला.

पादरी माझ्याकडं बघतच राहिले. मलाही मग ध्यानात आलं की मी ते तीर्थ घेतो तसं घेतलं. हाताला दुसरी रीत माहीतच नव्हती. मी ओशाळलो. ते मात्र म्हणाले, "आमच्या देवळातही घेतात. तुमचं काही चुकलं नाही. पण माझ्या वडिलांपुढं असं घेतलं असतं तर ते ओरडले असते, की ही घाई कसली? सांगा, काय लागलं?"

"चांगली आहे," मी म्हटलं. मला बाहेर जायचं होतं.

"हा शब्द आमच्या घरी चालत नव्हता. वडील म्हणायचे, चांगली तर गायही असते."

त्यांच्या घरची रीत त्यांनी सांगितली. नवी दारू पहिल्यांदा काढली की सगळ्यांनी बसायचं. वडील ओतायचे. घोट तोंडात असेतो कुणी बोलायचं नाही. गिळल्यावर एकेकानं सांगायचं, आपल्याला काय लागलं. दुसऱ्यानं सांगितलेलं परत सांगायचं नाही आणि न लागलेलं तर मुळीच सांगायचं नाही. लहान पोरालासुद्धा सूट नव्हती. एकदा लहानपणी यांनी सांगितलं होतं, 'बैलाचा पट्टा', आणि सगळे हसले, पण वडिलांनी परत घोट घेऊन बघितला आणि म्हणाले, खरं आहे, पट्टा आहे.

मग त्यांनी मला शिकवलं. शिकवलं म्हणजे माझा छळ केला. भांड्यात ओतून हलवायची, हलवून नाक आत घालायचं, दम धरायचा. घोट जिभेवर पसरून ठेवायचा आणि वरून थोडा वारा आत ओढायचा. पहिल्यांदा वारा ओढताना मला ठसका लागला आणि डोळ्यांत पाणी आलं. बाहेरून कुणीतरी हाक मारली, "कंपोंडर सायेब, येऊ का?" मी ओरडलो, "थांब जरा!" आणि परत घोट घेतला.

"आंबट," मी म्हटलं. "पण चिंचेचं नाही. अर्धवट पिकलेल्या करवंदाचं."

"करवंद मी खाल्लं आहे. पुढं?"

"तुरट. बाभळीच्या काडीनं दात घासल्यावर गालाला आतून बसतं तसं."

ते स्वतःचा गाल आतून चावून बघत होते. "बरोबर. आमच्या दगडांची आहे ती. ती तशीच असते. थांबा, गिळल्यावर लगेच बोलू नका. मागून काय येतं?"

मागून काही येतं हे मला ठाऊकच नव्हतं. गिळलं की संपलं, असंच माझं आजवरचं खाणंपिणं. पण मी थांबलो. कितीतरी दिवसांत मी असा नुसता बसलो नव्हतो. आणि खरंच मागून काहीतरी वर आलं. आधी वाळल्या बोरांचा वास, पोत्यात भरून ठेवलेल्या. मग एकदम गार, मातीचं काहीतरी.

"नवा माठ," मी म्हटलं. "नव्या माठातलं पहिल्या दिवशीचं पाणी."

पादऱ्यांनी डोळे मिटून घेतले.  मग हळूच म्हणाले, "वडील पिंपं धुवून उलटी घालायचे. त्या खोलीत गेलं की असा वास यायचा." त्यांनी मला विचारलं, "भाऊ, माझी जीभ परत येईल ना?"

मी सांगितलं की कोयनेल बंद झालं की येईल, आणखी थोडे दिवस घ्यावं लागेल. तेव्हा त्यांनी स्वतः बूच घट्ट बसवलं, बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "अंधारात ठेवा. गारव्यात. उरलेली मी जीभ आल्यावर घेईन." मी ती औषधांच्या खोलीत खालच्या फळीवर, ओल्या फडक्याशेजारी ठेवली. आईला सांगितलं, ही त्यांच्या वडिलांची आहे, जपून.

त्यानंतर दोन दिवसांनी डॉक्टरसाहेबांचा निरोप आला की चौसाळ्याच्या बाजूला हात कमी पडतायत, निघून ये. दवाखान्यात एक शिपाई आणि आई. पादऱ्यांना कोयनेलच्या रोज किती गोळ्या द्यायच्या ते आईला दाखवून मी गेलो. तिकडचं मी लिहीत नाही. विहिरींत औषध टाकायचं, माणसं झोपड्यांतून बाहेर काढायची, रात्री कुठंतरी पडायचं. पंधरा-वीस दिवसांनी परत आलो तेव्हा माझे पाय माझे राहिले नव्हते.

परसात शिरलो तर बुटक्या कठड्यावर आईची लिंबाच्या लोणच्याची बरणी उन्हात ठेवलेली, तोंडाला पातळ फडकं बांधलेलं. शेजारी चादरीवर मूग वाळत घातलेले. आणि बरणीला लागून ती काळपट हिरवी बाटली. बूच नाही. तोंडाला तसंच पांढरं फडकं, वर दोरा गुंडाळून नीट गाठ मारलेली.

मी जवळ गेलो.

आई आतून आली, हात पुसत. "आलास का रं? कसा वाळलाय बग!"

"आई, ही इथं कावून ठिवली?"

"कावून म्हंजी? तिला आंबूस वास यायला लागलता. म्या म्हनलं नासती का काय. बापाची वस्तू हाय त्यांच्या, उगं बुरशी धरली तर तोंड काय दाखवायचं? रोज ऊन दावतेय. सांच्याला आत घेते, सकाळी वर ठिवते. लोणच्यासारकी जपली बग."

तिनं खरंच जपली होती. बाटलीवर धुळीचा कण नव्हता. मी फडकं सोडून वास घेतला. चाखायची गरज नव्हती, तरी बोट बुडवून चाखली. आंबून शिरका झाला होता, व्हिनेगर म्हणतात तो, चांगला झणझणीत. मला तिच्यावर ओरडायचं होतं.  पण ती उन्हात डोळे बारीक करून माझ्याकडं बघत होती, शाबासकीची वाट बघत. मी फडकं परत बांधलं.

"पादरीबाबा आता बरे हाएत," ती म्हणाली. "काल गोळ्या संपल्या. आज पेजंत मीठ जास्त झालं म्हनले. लई खूष झाले. मीठ लागलं म्हनून कुनी खूष व्हतं का?"

म्हणजे जीभ आली होती.

मी आत गेलो. ते खाटेवर ताठ बसले होते, दाढी विंचरलेली. मला बघून त्यांनी दोन्ही हात पुढं केले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "भाऊ, मला मीठ लागतं! आज आणा ती."

मी सांगणारच होतो. शब्द जमवत होतो. तेवढ्यात आई मागून आली, एका हातात बाटली, दुसऱ्या हातात आमच्या घरची चांदीची वाटी, सणाला काढायची ती. "मीच आनली," म्हणाली. "पंधरा दीस ऊन दावलंय. घ्या आता पोटभर." आणि तिनं वाटी काठोकाठ भरली.

वाटी नाकाशी गेली तेव्हा त्यांना कळलं. माझ्याकडं त्यांनी एकदा बघितलं, मी मान खाली घातली. मग त्यांनी बाटलीकडं बघितलं, तिच्या तोंडावर लोंबणाऱ्या दोऱ्याकडं, आणि आईकडं. आई पदराला हात पुसत उभी होती. त्यांनी वाटी तोंडाला लावली आणि ती खाली न ठेवता सगळी प्यायले. डोळ्यांत पाणी आलं, ते शिरक्यानं आलं असं म्हणता येण्यासारखं होतं.

"कशी हाय, बाबा?" आईनं विचारलं.

"चांगली," ते म्हणाले. "आई, फार चांगली राहिली."

आईचा चेहरा असा फुलला की मला दुसरीकडं बघावं लागलं. उरलेली फडकं बांधून परत वर ठेवते, म्हणून ती बाटली घेऊन गेली.

आम्ही दोघंच राहिलो. बाहेर ओट्यावर माणसं जमायला लागली होती, कंपोंडर आलाय ही खबर पसरली असणार. मी म्हटलं, "पादरीसाहेब, माझ्या आईला..." त्यांनी हातानं थांबवलं.

"सांगा मला," ते म्हणाले. "परत. पहिल्यापासून."

मी सांगितलं. करवंद सांगितलं, बाभळीची काडी सांगितली, वाळली बोरं आणि नवा माठ. त्यांचे ओठ हलत होते, जीभ आत फिरत होती, पण तिच्यावर शिरकाच होता. मी जेवढं आठवत होतं तेवढं सगळं दिलं. न लागलेलं एकही सांगितलं नाही.

संपल्यावर त्यांनी हाताच्या पाठीनं ओठ पुसले. मग म्हणाले, "एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी मी बूच लावलं. लावलं नसतं, तर तुम्ही आणखी घेतली असती का?"

मी विचार केला. थकलेला होतो, गोड बोलायची ताकद नव्हती, म्हणून जे होतं तेच बोललो. "घेतली असती," मी म्हटलं. "फार वाटत होतं. पण तुमच्या वडिलांची होती, म्हणून मागितली नाही."

तेव्हा ते रडले. तापात नाही, वडिलांचं सांगताना नाही, शिरका पितानाही नाही, पण आता दोन्ही हातांत दाढी धरून हुंदके देऊन रडले. मध्येच म्हणाले, "ते असते ना भाऊ, तर त्यांनी तुम्हाला उठू दिलं नसतं."

बाहेरून हाका येत होत्या. मी उठलो नाही.